अजिंठा पुढच्या वर्षीही असेल, येळवस गाठा

जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारीचं माहेर उदगीरचं, सासर लातूरजवळच्या खेड्यातलं. ती लिहिते: "काकू, नाताळच्या सुट्टीत दोनच आठवडे मिळतात. इथे आम्ही दर शनिवार-रविवारी मुलांना कुठंतरी नेतोच. कधी विल्हेल्माचं प्राणिसंग्रहालय, कधी म्युझियम, कधी गावातली जत्रा. तिकडे आल्यावर मात्र नातेवाइकांकडे चहा पिण्यातच दिवस जातात आणि मुलांना काहीच दाखवून होत नाही. म्हणून यंदा यादी केलीय. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की, पैठण, सगळं चार दिवसांत. अडचण एवढीच की मध्येच येळवस येतेय. दीर म्हणतात, शेतात या. ह्यांचं म्हणणं, त्या दिवशी रस्ते मोकळे असतात, पहाटेच संभाजीनगरकडे निघू."

बाई गं, तुझी यादी मी दोनदा वाचली. ती कशी तयार होते ते मला पक्कं ठाऊक आहे. टोरांटोच्या स्वयंपाकघरात बसून मीही एकोणीस वर्षं अशाच याद्या केल्या. विमानाच्या तिकिटाला एवढे पैसे घातलेत, दोन वर्षांनी जातोय, तर लेकरांनी सगळं बघूनच यावं, ही तगमग आपली सगळ्यांचीच असते. त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. पण येळवसेच्या पहाटे गाव सोडून निघायचं? तेही दीर बोलावत असताना? हे वाचलं आणि मला राहवलं नाही. बाकीच्या प्रश्नांना शेवटी दोन-दोन ओळींत उत्तरं देते. आज मला येळवसेबद्दलच बोलायचंय.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी आधी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेड-बीडच्या काही भागांत या दिवशी अख्खी घरं शेतात जातात. शेत नसलेल्यांना शेत असलेले आग्रहानं बोलावतात. शहरातली दुकानं बंद, रस्त्यावर शुकशुकाट, आणि बांधाबांधावर माणसं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पूजा करतात. घरधनी आंबिलाचं मडकं घेऊन फिरतो आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडतो. मग पंगत बसते. भज्जी, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, धपाटे. दुपारी झाडाखाली लवंडायचं, लेकरांना झोका बांधून द्यायचा. आमच्याकडे तिन्हीसांजेला कडब्याचा टेंभा पेटवून पिकातून फिरवतात आणि मगच घराकडे वळतात.

आता तुझ्या चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी दोन्ही दिवस बघ. तुमच्या बेतात तो पहाटे चारला झोपेतून उचलला जाईल आणि तासन्‌तास गाडीत बसेल. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ठेवायची, तिथून बसनं चार किलोमीटर, मग पायऱ्या, मग लेणी. आतला उजेड चित्रं जपण्यासाठी मुद्दाम मंद ठेवलेला असतो. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र बघून तुझा जीव भरून येईल, माझाही येतो. पण तो पोरगा कडेवर असेल, डोळे अजून अंधाराला सरावले नसतील, आणि त्याला शू लागलेली असेल. शेतात मात्र सगळं त्याच्या उंचीचं असतं. हरभऱ्याचं झाड त्याच्या गुडघ्याला, वासरू त्याच्या खांद्याला, ढेकूळ त्याच्या मुठीत. तिथं "हात लावू नकोस" असं त्याला कुणी म्हणत नाही.

माझ्या मुलाचं सांगते. तो सहा वर्षांचा असताना आम्ही तुझ्यासारखाच बेत केला. वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, मकबरा, दोन दिवसांत सगळं. नेमकी येळवस मध्ये होती. सासऱ्यांनी फोनवर एकदाच विचारलं होतं, "अमावस्येला असताव ना?" आम्ही म्हटलं, बघू. परत आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. चुलीपाशी भज्जीचं पातेलं झाकून ठेवलेलं. सासरे ओट्यावर बसून होते. म्हणाले, "गार झाली." त्यापुढं एक अक्षर बोलले नाहीत. मला आजही थंड भज्जी घशाखाली उतरत नाही. त्या दोन दिवसांतलं मुलाच्या काय लक्षात राहिलं? दौलताबादच्या किल्ल्यातल्या काळोख्या वाटेत वटवाघळांचा वास आला आणि तो रडला, तेवढंच. पुढच्या खेपेला आम्ही येळवस धरून तिकिटं काढली. आजोबांनी त्याला घोंगडीत घेऊन पिकातून फिरवलं, आंबील त्याच्याच हातानं शिंपडायला लावलं. आज तो चौतीस वर्षांचा आहे, त्याचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण कोप, कडबा, उंडा, बांध हे शब्द तो आजोबांच्याच हेलात म्हणतो. वर्गात बसवून मी त्याला ते शिकवू शकले नसते.

तू पुढे लिहितेस: "मुलांना धुळीची आणि उन्हाची सवय नाही. मुलगी विचारते, शेतात दिवसभर करायचं काय? आणि टॉयलेटचं काय?" लेकी, जर्मनीत उणे पाचमध्ये तू याच लेकरांना बर्फात खेळायला सोडतेस, आणि डिसेंबरातल्या लातूरच्या उन्हाला भितेस? येळवसेचं ऊन कोवळं असतं, सकाळी तर स्वेटर लागतो. टॉयलेटचं म्हणशील तर लहान लेकराला आडोसा पुरतो, मुलीसाठी जुनी साडी दोन झाडांना बांध. माझी पुतणी दोन येळवसा अशीच निभावून गेली. आणि "करायचं काय" याचं उत्तर मुलीला आधीच देऊ नकोस. चुलत भावंडं आहेत ना तिथं? पहिला अर्धा तास ती तुझ्या पदराला धरून उभी राहील. तेवढा वेळ तू मोबाइल काढून तिच्या हातात दिलास, तर मात्र दिवस हातचा गेला. कळ काढ. बोरी झोडायला पोरं निघाली की तीही जाईल.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टींची, आणि तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. पहिली विहीर. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींना कठडा नसतो, काठावर गवत माजलेलं असतं. परदेशात वाढलेल्या लेकराला उघडी विहीर ही गोष्टच माहीत नसते. गेल्या गेल्या हात धरून त्याला ती लांबून दाखव आणि इथून पुढं यायचं नाही हे सांग. दुसरं शेततळं. त्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाय घसरला तर पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही त्या कागदावरून वर चढता येत नाही. दिरांच्या किंवा शेजारच्या शेतात तळं असेल, तर एक मोठं माणूस दिवसभर फक्त लेकरांच्या मागं, असं वाटून घ्या. मोटारीचा स्टार्टर, उघड्या वायरी, झाडावरचं आग्या मोहोळ, हे दिरांना आदल्या दिवशी विचारून ठेव. मोहोळ असेल त्या झाडाखाली चूल मांडू नका, धुरानं माशा उठतात.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पॅन्ट घोट्यापर्यंत, बूट बंद. याला कारण आहे. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, ती आंबट लागते. सकाळी दव पडलेलं असताना उघड्या पायांनी त्यातून गेलं की कोवळी कातडी चुरचुरते. ज्वारीचं पानही कडेनं कापतं. कपड्यांचे दोन जोड जास्तीचे ने आणि पहिला जोड मळाला म्हणून डोळे वटारू नकोस.

जेवणाचं. "छोटा तिखट अजिबात खात नाही" असं लिहिलंयस. मग जाऊबाईंना सांगून भज्जीत मिरची घालण्याआधी त्याच्या वाटणीची बाजूला काढून घे. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाजी आणि ताकात कालवलेलं बेसन, लेकरांना चालण्यासारखंच सगळं असतं. आंबील आंबवलेली असते, पहिल्यांदाच पिणाऱ्याला दोन घोट पुरे. पाणी घरून उकळून ने, विहिरीचं देऊ नकोस. खीर मात्र मागेल तेवढी दे.

आणि दिवस त्या सकाळी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, हे तुला उदगीरच्या लेकीला मी काय सांगावं! ओट्यावर शेंगांची पाटी घेऊन सासूबाई सोलायला बसतील. मुलीला त्यांच्या शेजारी बसव. तू लिहिलंयस, "सासूबाईंना फिरायला नेलं की गुडघे दुखतात, नाही नेलं तर रुसतात. काय करू?" त्यांना दौलताबादच्या पायऱ्या कशाला दाखवतेस? येळवसेला त्यांना कुणी नेत नसतं, त्या सगळ्यांना नेतात. रात्रभर जागून त्यांनी रांधलेलं असतं, पांडव कुठं मांडायचे ते त्यांना माहीत असतं. तुझ्या लेकरांसमोर आजी त्या दिवशी घरातल्या कर्त्या बाईसारखी उभी राहते. स्टुटगार्टला व्हिडिओ कॉलवर जी आजी त्यांनी बघितलीय, ती ही नव्हे.

तुझ्या यजमानांना माझा निरोप सांग. पंचांगाप्रमाणे ही अमावस्या पुढंमागं होते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली, २०२५ साली १९ डिसेंबरला. जर्मनीत शाळेची सुट्टी लागल्याशिवाय मुलीला काढून आणता येत नाही, म्हणजे दर वर्षी काही येळवस तुमच्या वाट्याला येणार नाही. वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी दोन हजार वर्षं बसून आहेत, १९८३ पासून जागतिक वारशात आहेत, त्यांना कुणी हलवत नाही. दिरांनी ते शेत किती वर्षं कसायचं ठरवलंय, हे विचारलंत का कधी? आमच्या सासऱ्यांच्या शेतातून आज रस्ता गेलाय. आणि परदेशातल्या इतर वाचकांनाही माझं मागणं हेच आहे की तिकीट काढण्याआधी एकदा पंचांग बघा. विमान कंपन्यांच्या सवलतीच्या तारखा आपण पाठ करतो आणि अमावस्या कधी ते आईला फोन करून विचारतो.

आता बाकीचं पटकन. संभाजीनगरला जायचंच असेल तर येळवस झाल्यावर दोन मुक्काम करा आणि दिवसाला एकच ठिकाण धरा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, तुझ्या यादीत हे बघितलेलं दिसत नाही. चार वर्षांचा बरोबर असताना मी वेरूळच घेईन, तेही चौतीसपैकी फक्त सोळावं लेणं. कैलास वरून खाली खोदत आणलाय, कळस आधी आणि पाया शेवटी, हे मुलीला आत शिरायच्या आधी सांग. मग ती स्वतःच वर बघत फिरेल. मकबरा संध्याकाळी, पाणचक्की जमलं तर. पैठण या खेपेला सोड.

एवढा प्रवास नको वाटला तर घराजवळ काय कमी आहे? औशाचा किल्ला आहे, त्याच तालुक्यात खरोसा लेणी आहेत. अर्ध्या दिवसात होतात आणि लेकरं दुपारी घरी झोपतात. नळदुर्गचा पाणीमहाल चांगला, पण धबधबे बघायला पावसाळ्यातच यावं लागतं. नांदेडकडच्या माळेगावची खंडोबाची यात्राही याच सुमारास भरते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी बैल, सगळं मुलांना आवडेल. मात्र गर्दी फार असते, चार वर्षांच्याला खांद्यावरून उतरवायचं नाही.

"छोट्याला गाडी लागते": निघण्याआधी दूध देऊ नकोस, कोरडा धपाटा दे, दर तासाला थांबा. गोळी द्यायची तर तिकडच्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर आण.

"चुलत भावंडांशी मुलं जर्मनमध्ये बोलतात": बोलू दे. झोक्यावर नंबर लावायला भाषा लागत नाही, दोन दिवसांत तीच मराठी उचलतील.

"परत येताना काय आणू?" याचं उत्तर तुला आवडणार नाही. तूप, खवा, पेढे युरोपात नेता येत नाहीत. शेतातले ताजे घाटे, बोरं, ओल्या शेंगा बॅगेत भरू नकोस. तिळाची पोळी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं जवस ने. आणि मुलीची बॅग स्वतः तपास. माझ्या मुलानं सासऱ्यांच्या शेतातली काळी माती रुमालात बांधून मोज्यांच्या खाली लपवली होती. विमानतळावर ती निघाली, काढून घेतली, आणि घरी पोचेपर्यंत तो बोलला नाही. माती नेता येत नाही, कॅनडातही आणि तुमच्या जर्मनीतही. बुटांच्या तळव्यांना लागलेलीसुद्धा चालत नाही, तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी सगळ्यांचे बूट ब्रशनं घासून उन्हात ठेव.