पट्टी वाचण्याआधी बाईची नाडी बघ

प्रिय मुली,

सोमवारपासून तुला लेबर रूम, तीही हाय रिस्कची. आपल्याकडे ठाण्यात दिवा-मुंब्र्यापासून पार मुरबाड-शहापूरपर्यंतच्या बायका येतात. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाला शुगर, कुणाच्या बाळाची वाढ खुंटलेली. बाळाचे ठोके आणि आईच्या कळा कागदी पट्टीवर उमटवणाऱ्या मशीनची भीती बाळगू नकोस, पण त्याच्यावर विसंबूनही राहू नकोस.

मशीनचा बेल्ट बांधण्याआधी पोट चाचपून बाळाची पाठ शोध. ठोके तिथेच स्वच्छ मिळतात. बाईला उताणी ठेवू नकोस. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, तिचं बीपी उतरतं आणि बाळाचे ठोकेही मंदावतात. डाव्या कुशीवर वळव.

मग तिची नाडी. हे मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते आणि अर्ध्याजणी विसरतात. घाबरलेल्या बाईची नाडी सहज १२० असते आणि मशीन कधीकधी तीच पकडतं. कागदावर सगळं उत्तम दिसतं, बाळाचा मात्र पत्ताच नसतो. विशेषतः जोर लावताना बघ: प्रत्येक कळेबरोबर ठोके वर चढत असतील तर ते बहुधा आईचे. बाळाचे त्या वेळी सहसा खाली येतात. मनगटावर बोट ठेव आणि आकडा वेळेसकट पट्टीवर लिही.

बेसलाइन, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची सरासरी पातळी, मिनिटाला ११० ते १६०, त्यातला चढउतार ५ ते २५, हे तुला पाठ असेलच. पट्टी सपाट दिसली तर बाळ झोपलेलं असू शकतं, चाळीसेक मिनिटंसुद्धा. पण बाईला मॅग्नेशियम (वाढलेल्या बीपीत झटके येऊ नयेत म्हणून देतात, त्यानेही पट्टी सपाट होते) चालू आहे का, तेही बघ. कागद मिनिटाला १ सेंमी सरकतोय की ३, हे आधी पाहा, नाहीतर तीच पट्टी वेगळीच भासते. डीप, म्हणजे ठोक्यांची घसरण, किती खोल, यापेक्षा ती कळेच्या मानाने कधी येते हे महत्त्वाचं. कळ ओसरू लागल्यावर सुरू होऊन उशिरा सावरणारी डीप, उथळ असली तरी, वाढ खुंटलेल्या बाळात अजिबात सोडायची नाही. कळा वाढवणारं पिटोसिन चालू असताना १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आणि ठोके मंदावताहेत, तर आधी ड्रिप बंद, मग डॉक्टरांना हाक.

फोनवर नुसतं ‘एनएसटी (म्हणजे आपली ही पट्टी) खराब आहे’ म्हणू नकोस. आठवडे, जोखीम, गर्भजलाचा रंग, बेसलाइन, डीप कधीपासून, सगळं एका दमात सांग.

धोका नसलेल्या बाईला मात्र उगाच मशीनला बांधून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत. सतत मशीन लावल्याने बाळांच्या झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) कमी झाली नाही, आणि सिझर वाढले. तिथे दर १५ मिनिटांनी, जोर लावताना दर ५ मिनिटांनी, कळ संपल्याबरोबर पूर्ण मिनिटभर हातातल्या डॉपलर यंत्राने ठोके ऐकले की भागतं.

पट्टीचा कागद थर्मल असतो, अक्षरं उडतात. फाइलला झेरॉक्सही लाव. आणि मशीनमधला ठोक्यांचा आवाज बारीक ठेव. बेल्ट सरकून तो थांबला की बाईचा जीव खालीवर होतो. आवाज बेल्ट सरकल्यानेही थांबतो, हे बेल्ट बांधतानाच तिला सांगून ठेव.

तुझी,
ताई