प्लाझ्मिडला ‘जनुककलम’ म्हणावं का?

रत्नागिरीजवळ कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: “बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. प्लाझ्मिडला ‘जनुककलम’ म्हटलं तर चालेल का? कलम म्हणजे काय ते आमच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि तो प्लाझ्मिड की ते प्लाझ्मिड?”

बाई, शब्द कानाला गोड आहे आणि आपल्या मातीतला आहे. तरी प्लाझ्मिडला, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्याला, तो लावू नका.

पाऊस स्थिरावला की आमच्याकडे कोयकलमं बांधायला घेतात. रायवळाची कोय नुकती रुजलेली असते, पानं अजून तांबूस असतात. त्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या काडीचं टोक दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखं करायचं, चिरेत बसवायचं आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. सालीला साल भिडली नाही तर काडी वाळून जाते. पण भिडली, कलम जगलं, पुढे वर्षानुवर्षं फळलं, तरी खाली रायवळ तो रायवळच राहतो आणि वर हापूस तो हापूसच. खुंटाला खालून फुटवा आला तर तो रायवळाचाच येतो. दोघांचं पाणी एक होतं, बीज एक होत नाही.

प्लाझ्मिडात नेमकं बीज एक होतं. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं असं हे डीएनएचं छोटं कडं. पडवीत उतरलेल्या बिऱ्हाडासारखं म्हणा: राहायला मालकाच्या घरात, पण चूल स्वतंत्र. ही चूल म्हणजे कड्यावरची ती जागा, जिथून त्याची नक्कल निघायला सुरुवात होते. ती असते म्हणूनच प्लाझ्मिड आपल्या प्रती स्वतः काढवून घेऊ शकतं.

आता जनुक बसवतात कसं ते बघा. ईकोआरवन नावाचं विकर (एन्झाइम) डीएनएच्या धाग्यावर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं शोधतं आणि तिथे कातरतं. दोन्ही पदर एकाच जागी कापत नाही, थोडं पुढेमागे कापतं. त्यामुळे प्रत्येक टोकाला एएटीटी ही चार अक्षरं एकेरी लोंबत राहतात. बाहेरून आणलेलं जनुकही त्याच विकराने कापलेलं असेल तर त्याची टोकं या टोकांत बिनचूक बसतात. इथवर कलम बांधणाऱ्याला सगळं ओळखीचं वाटेल, काडी आणि चीर जुळल्यासारखं. मग लायगेज हे दुसरं विकर जोड पक्का करतं, आणि तिथून पुढे कलमाशी नातं तुटतं. खुंट कुठला नि काडी कुठली हे सांगायला काही उरत नाही, सलग एकच कडं होतं. जिवाणू दुभंगतो तेव्हा त्या कड्याच्या प्रती सहसा दोन्ही लेकींकडे जातात, नव्या जनुकासकट. ‘कलम’ म्हटलं की मुलांच्या मनात जोड राहतो, हे वारशाने पुढे जाणं राहत नाही. शिकवायचं तर तेच आहे.

शिवाय ‘जनुककलम’ हे एका कृतीचं नाव वाटतं आणि प्लाझ्मिड ही वस्तू आहे. माणसाने हात लावण्याच्या कितीतरी आधीपासून ती जिवाणूंत नांदतेय. जोशुआ लेडरबर्गने तिला 1952 साली नाव दिलं. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी तिच्यात परका तुकडा बसवून दाखवला तो 1973 साली.

तुमचा शब्द वाया मात्र जायला नको. ‘क्लोन’ हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ डहाळी. 1903 साली हर्बर्ट वेबर यांनी तो वापरात आणला तो झाडांसाठीच, बियांशिवाय वाढवलेल्या रोपांसाठी. बागेतली हापूसची सगळी कलमं, वरच्या भागापुरती, एकमेकांचे क्लोनच. तेव्हा क्लोन शिकवताना कलम खुशाल आणा.

प्लाझ्मिडसाठी घरचंच उदाहरण हवं असेल तर विरजण घ्या. दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंत लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणून एक आहे. दुधातली साखर वापरायची जनुकं त्याच्याकडे बहुधा प्लाझ्मिडावर असतात. ते प्लाझ्मिड हरवलं तर जिवाणू जिवंत राहतो, पण दूध नीट आंबवू शकत नाही. बिऱ्हाड उठून गेलं तरी घर उभंच असतं, फक्त त्या बिऱ्हाडाच्या हातची कामं थांबतात. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्यात प्रयोगशाळा लागतच नाही.

आता तो की ते. माझं मत स्वच्छ आहे: ते प्लाझ्मिड. कडं नपुंसकलिंगी, वलय नपुंसकलिंगी, आणि ज्यांच्यात ते वावरतं ती जनुक, गुणसूत्र, विकर ही सगळी मंडळीही नपुंसकलिंगी. ‘तो’ म्हणणारे बहुधा ‘तो डीएनए’च्या ओढीने म्हणतात, त्यांना चूक म्हणणार नाही. एकदा ‘ते’ धरलं की बाकीची रूपं पुस्तकासारखी आपोआप चालतात: दोन प्लाझ्मिडं, प्लाझ्मिडात, प्लाझ्मिडावर. आणि लिहिताना झ ठेवा. ‘माझा’तला झ आहे तो, आणि प्लाझ्मा आपण तसाच लिहितो.

क्रियापदं दोन वेगळी ठेवा. जनुक प्लाझ्मिडात ‘बसवतात’, प्लाझ्मिड जिवाणूत ‘शिरवतात’. दोन्हीकडे ‘घालतात’ लिहिलंत तर कशात काय गेलं याचा मुलांचा गोंधळ उडेल. मी टिपणात असं लिहीन: “कापलेल्या प्लाझ्मिडात जनुक बसवलं. कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवलेल्या जिवाणूंत ते प्लाझ्मिड मिसळून बर्फात ठेवलं, मिनिटभराच्या आत-बाहेर 42 अंशांचा चटका दिला आणि लगेच पुन्हा बर्फात. प्लाझ्मिडावर प्रतिजैविकाला तोंड देणारं जनुक होतं, म्हणून ज्या थोड्या जिवाणूंत प्लाझ्मिड शिरलं, तेवढेच प्रतिजैविक घातलेल्या थाळीत वाढले.”