साप्ताहिक तंत्रचर्चेत नव्याने येणाऱ्या ताईंसाठी

ताई, आपल्या इंदूरच्या बैठकीत पुष्कळ बातम्या आणण्यापेक्षा एकच आणावी, परंतु ती शेवटपर्यंत वाचून आणावी. नवख्या मैत्रिणी बहुधा कंपनीची घोषणा आणि प्रत्यक्ष सुरू झालेली सोय यांत गफलत करतात. 'लवकरच येणार' याचा अर्थ अजून आलेली नाही, एवढाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाणाची खूण असलेला निरोप पाच किंवा अधिक वेळा पुढे पाठवला गेलेला असतो, म्हणून सरकारी योजनेविषयीचा असा मजकूर २०१९ पासून चालू असलेल्या पीआयबी फॅक्ट चेककडून (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तपासणी विभागाकडून) आधी तपासून घ्यावा. पोलीस असल्याची बतावणी करणारे ठग व्हिडिओ कॉलवर जी 'डिजिटल अटक' करतात, ती कायद्यात नाहीच. अशा फसवणुकीत कुणाचे पैसे गेले असल्यास आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी, चर्चा नंतर. एन्क्रिप्शनचे, म्हणजे निरोप सांकेतिक रूपात बदलून सुरक्षित ठेवण्याचे, बारकावे तूर्त राहू द्यावेत. न कळलेला शब्द मात्र तिथल्या तिथे विचारावा. नुसत्या माना डोलावणाऱ्या आमच्यात आधीच पुष्कळ आहेत.