देव ‘माहीत’ असतो का?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘देवाला वैयक्तिकरीत्या जाणणे आणि देवाविषयी माहिती असणे यांत फरक आहे, असं ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार ऐकतो. जाणणे, ओळखणे, माहीत असणे, ठाऊक असणे हे सगळं एकच नव्हे का? नेमका कोणता शब्द वापरावा?’

आधी ते ‘वैयक्तिकरीत्या’ काढून टाका. वैयक्तिक तक्रार असते, वैयक्तिक कारण असतं, वैयक्तिक खर्च असतो. माणसाला कुणी ‘वैयक्तिकरीत्या जाणत’ नाही. ‘मी त्यांना व्यक्तिशः ओळखत नाही’ असं आपण म्हणतो, किंवा नुसतं ‘माझी त्यांची ओळख नाही’. इंग्रजी वाक्य उचलून देवनागरीत ठेवलं की असलं काहीतरी तयार होतं, आणि दहादा ऐकल्यावर तेच भारदस्त वाटायला लागतं.

‘जाणणे’ हे ‘ज्ञा’ धातूचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ‘ठाऊक’ हे ‘ठाव’चं. पुढे चला, कारण खरी गंमत ‘माहिती’त आहे.

हा शब्द अरबी ‘माहियत’वरून आला, हे मत मला पटतं. अरबीत ‘मा’ म्हणजे काय आणि ‘हिय’ म्हणजे ती. ‘मा हिय?’ म्हणजे ‘ती काय आहे?’ या प्रश्नालाच भाववाचक प्रत्यय लावून अरबी तत्त्वज्ञांनी ‘माहिया’ हा शब्द घडवला. अर्थ : वस्तूचं काय-पण. इब्न सीना (मृत्यू 1037) याच्या विचारात हा शब्द खांबासारखा उभा आहे. त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकारांनी तीच युक्ती केली : ‘क्विद’ म्हणजे काय, त्यावरून ‘क्विदितास’. म्हणजे आपण सहज ‘जरा माहिती हवी होती’ म्हणतो, तेव्हा मध्ययुगातल्या एका गहन तत्त्वचर्चेचं शेपूट आपल्या हातात असतं.

आता याच चर्चेत मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (1225–1274) याला आणून बसवा. त्याचं म्हणणं असं की देव आहे हे बुद्धीला कळू शकतं, देव काय नाही हेही सांगता येतं, पण देव काय आहे हे या जन्मी आपल्याला कळत नाही. ‘काय आहे’ म्हणजे ‘क्विद’, म्हणजेच ‘मा हिय’. तेव्हा व्युत्पत्ती काटेकोर धरली तर देवाची माहिती असणं ही कमी दर्जाची गोष्ट नाही, ती अशक्य गोष्ट आहे! धर्माची माहिती असते. पोथीची, पंथाची, सणवारांची असते. देवाची नसते. हे म्हणणाऱ्या माणसाने स्वतः लाखो शब्द लिहिले आणि 1273 च्या डिसेंबरात एके दिवशी लेखणी ठेवली. कारण विचारल्यावर म्हणाला की मी लिहिलं ते सगळं मला आता पेंढ्यासारखं वाटतं.

‘ओळखणे’चं कूळ वेगळं. ते ‘उपलक्ष्’वरून आलं, गुजराती ‘ओळखवुं’ त्याचं भावंड. कुणी ‘अवलक्ष्’ म्हणतात, त्यांच्याशी मी भांडणार नाही, कारण दोन्हीकडे ‘लक्ष्’ आहेच : खूण पाहणं, खुणेवरून हेरणं. माहितीचा प्रश्न ‘काय?’ आणि ओळखीचा प्रश्न ‘कोण?’ हा माझा लाडका सिद्धान्त आहे. तो मी गेली कित्येक वर्षं ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे सांगत आलो आहे.

त्याचा उत्तम दाखला बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. दोघे शिष्य अम्माऊसच्या वाटेवर आहेत. पुनरुत्थित येशू त्यांना येऊन मिळतो आणि काय झालं म्हणून विचारतो. क्लयपा नावाचा शिष्य सगळं सांगतो : नासरेथचा येशू, पराक्रमी संदेष्टा, वधस्तंभ, तिसरा दिवस, रिकामी कबर. एक तपशील चुकत नाही. ज्याच्याविषयी सांगतो आहे तो मात्र शेजारून चालतो आहे आणि याला पत्ता नाही. माहिती तोंडपाठ, ओळख शून्य. पुढे जेवायला बसल्यावर पाहुणा भाकर मोडतो, आणि त्या खुणेसरशी ओळख पटते. ‘पटते’ हे क्रियापदही पाहा. माहिती मिळते, कळते, गोळा करता येते. ओळख पटावी लागते.

आता एका फार पसरलेल्या चुकीकडे येतो. प्रवचनकार आणि अभ्यासपुस्तिका छातीठोकपणे सांगतात की नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘ओइदा’ म्हणजे डोक्यातलं कोरडं ज्ञान आणि ‘गिनोस्को’ म्हणजे अनुभवातलं, नात्यातलं ज्ञान. हे सांगणाऱ्यांनी योहान 8:55 उघडून पाहावं. तिथे येशू विरोधकांना म्हणतो की तुम्ही त्याला (पित्याला, म्हणजे देवाला) ओळखलेलं नाही, मी त्याला ओळखतो. विरोधकांसाठी क्रियापद आहे गिनोस्को आणि स्वतःसाठी ओइदा! पुत्राला पित्याचं कोरडं ज्ञान होतं असं म्हणायचं आहे का? शिवाय ‘ओइदा’ हे आपल्या ‘विद्’चं सख्खं नातेवाईक, मूळ अर्थ ‘मी पाहिलं आहे’. पाहिलेल्या गोष्टीला पुस्तकी कोण म्हणतं? येशूला अटक झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र अंगणात शपथ घेऊन सांगतो की मी त्या माणसाला ओळखत नाही, तिथेही ओइदाच आहे. येशूविषयी पेत्राची माहिती कमी पडली नव्हती. त्याने ओळख दाखवली नाही, आणि त्यासाठी मराठीइतका नेमका वाक्प्रचार ग्रीकलाही सुचलेला नाही.

तसंच जुन्या करारातल्या हिब्रू ‘यादा’चं, म्हणजे ‘जाणणे’चं. (फारसी ‘याद’शी याचा संबंध नाही, तो जोडून कृपया पत्रं पाठवू नका.) उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिल्याच ओळीत आदामाने हव्वेला ‘जाणलं’ आणि ती गरोदर राहिली. त्यावरून ‘यादा’ म्हणजे अत्यंत निकटचं नातं, असा निष्कर्ष काढला जातो. त्याच अध्यायात आठ वचनं पुढे गेलात तर काइन भावाचा खून करून म्हणतो, तो कुठे आहे मला माहीत नाही. क्रियापद तेच, यादा. 1961 मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी असल्या शब्दांतून धर्मशास्त्र पिळून काढणाऱ्यांची चांगली खरडपट्टी काढली. ती माझ्या ‘मा हिय’लाही लागू पडते, हे मला कळतं.

एका विद्वान मित्रांचा आक्षेप आहे की ओळख उथळ असते, ‘जाणणे’ खोल. ओळख जुजबी असते, तोंडओळख असते. मान्य. पण ‘मी तुला चांगला ओळखून आहे’ हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नाही का? त्यात उथळ काय आहे? स्तोत्र 139 मधला माणूस देवाला जे सांगतो ते थेट हेच : तू मला ओळखून आहेस, माझं बसणं-उठणंसुद्धा.

आणि ‘जाणणे’ला जे जमत नाही ते ओळखीच्या एका प्रत्ययाला जमतं. माहिती कुणा‘ची’ असते. ओळख कुणा‘शी’ असते, म्हणजे तिला दुसरी बाजू लागते. प्रेषित पौल गलतीकरांना पत्र लिहिताना मधेच स्वतःला दुरुस्त करतो : तुम्ही देवाला ओळखता, नव्हे, देवाने तुम्हाला ओळखलं आहे. मत्तयच्या सातव्या अध्यायात लोक ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणत, तुझ्या नावाने भुतं काढली म्हणत ओळख सांगायला येतात, आणि उत्तर मिळतं, ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’. इथे ‘मी तुम्हाला कधीच वैयक्तिकरीत्या जाणले नाही’ घालून पाहा, म्हणजे माझी चिडचिड कळेल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. पुढे त्यांनी लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुढे त्यांनीच बायबलचं मराठी भाषांतर केलं.

तर प्रश्नाचं उत्तर : ‘देवाशी ओळख’. योहान 17:3 मध्ये प्रचलित मराठी बायबलातही ‘ओळखावे’च आहे.

‘ठाऊक’चंही विचारलं होतं. मार्काच्या पहिल्या अध्यायात सभास्थानातला अशुद्ध आत्मा ओरडतो की तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, देवाचा पवित्र तो! उत्तर अगदी बरोबर. येशू त्याला म्हणतो, गप्प राहा आणि नीघ. तिथे मी ‘ठाऊक’च ठेवीन. मात्र त्या भुताला ‘कोण?’चंही उत्तर येत होतं, त्यामुळे माझ्या सिद्धान्ताचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.