यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात राहून आयटीची नोकरी टिकते का? जावा शिकू की पायथन?

टिकते. "गावच्या नेटमुळे कंपनी काढून टाकेल" असं तुला ज्याने सांगितलं, त्याला हे उत्तर वाचायला दे.

मी दारव्हा तालुक्यातून सर्व्हर सांभाळायचं काम करतो. मे महिन्यात एका रात्री वादळ आलं, डीपी उडाला, गावभर लाईन गेली. सकाळी पुण्याहून फोन, पेमेंट अडकलेत. मी हॉटस्पॉटवरून कॉलला आलो, तर टीमचा लीड सगळ्यांसमोर म्हणतो, "आधी तुझ्या गावचं नेट बघ, मग आमची सिस्टिम." अरे, पेमेंट काय माझ्या घरातून जातात? मी फक्त विचारलं, पहिला एरर कितीचा? लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, बरोबर पहाटेचे ५:३०. आपली वेळ युटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, म्हणजे युटीसीत तेव्हा मध्यरात्र. पहाटे साडेपाचच्या ठोक्याला काही बंद पडलं की आधी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) बघायचा, नाहीतर कशाची मुदत संपली ते. ओपनएसएसएल या टूलने सर्व्हरचं सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे पटवणारी डिजिटल ओळख) तपासलं: मुदत २३:५९:५९ जीएमटीलाच, म्हणजे युटीसीच्याच वेळेने, संपलेली. रिन्यू करायचं काम पुण्यातल्याच टीमचं. रिपोर्टात मात्र कारण लिहिलं "कनेक्टिव्हिटी". आमचे मोठे बाबाही तेच धरून बसलेत, "पुन्यालेच रायला असता तं साहेब झाला असता लेका."

इन्व्हर्टर घरी असेलच. त्यावर कूलर टाकू नको आणि उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी बघत जा. राऊटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा मिनी यूपीएस लाव, बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. नाहीतर लाईन जाता-येता राऊटर रीस्टार्ट होतो आणि मीटिंग तुटते. फायबर एका कंपनीचं, सिम दुसरीचं. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी केबल तोडणारच. सर्व्हरवरचं लांबलचक काम टीमक्समध्ये (सर्व्हरवरच टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) चालव, मग तुझं नेट गेलं तरी ते तिकडे चालू राहतं. घरून काम करायची परवानगी ऑफर लेटरमध्ये लिहून घे, एचआरच्या तोंडी शब्दावर राहू नको.

हां, पहिलीच नोकरी असेल तर वर्ष-दोन वर्षं ऑफिसात बस. शेजारी बसून जे शिकता येतं ते कॉलवर येत नाही, मीही सुरुवात पुण्यातच केली. पण त्यासाठी पुणंच पाहिजे असं नाही, नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत.

जावा की पायथन? जे थोडंफार येतं तेच पक्कं कर, सोबत लिनक्स आणि नेटवर्किंग.

आणि सर्टिफिकेट हाताने रिन्यू करणाऱ्यांसाठी: कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २०० ठरली, १५ मार्च २०२९ पासून ४७. तेव्हा कोणाच्या गावच्या नेटला शिव्या घालतात ते बघू.