वीरगळ हलवायचे का? आणि ट्रंकेतल्या कागदांचं काय?

प्रश्न : सर, आमच्या गावात मारुतीच्या पाराजवळ पाच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत. मंदिराचा जीर्णोद्धार चालू आहे. पोरं म्हणतात, वीरगळ उचलून ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत मांडू, रंग देऊ, गावाचं संग्रहालय करू. म्हातारी माणसं म्हणतात, देव हलवू नका; एका दगडापुढं दर अमावास्येला नारळ फुटतो. गावाच्या इतिहासाची पुस्तिकाही काढायची आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : म्हाताऱ्यांचं ऐक. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं, एवढंच.

वीरगळावर बहुतेक वेळा नाव नसतं, साल नसतं. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती तो पिंडीपुढं बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. असे दगड मराठवाड्यात गावोगाव आहेत. तुमचा दगड तुमचा ठरतो तो जागेमुळं. खाली गाई कोरल्या असतील तर गुरं राखताना तो पडला एवढं कळतं, पण कुठल्या शिवारात, हे दगड सांगत नाही. आता पाच एका जागी आहेत म्हणजे कधीतरी कुणीतरी आणूनही ठेवले असतील. कुठल्या शेतातून, कुणाच्या गाडीतून, हे आठवणारा एखादा अजून सापडेल. त्याला आधी गाठ. खोलीत ओळीनं मांडलेत की तो धागा कायमचा तुटला.

रंग तर नकोच. ऑइलपेंटनं कोरणी बुजते. ॲसिड आणि ग्राइंडर त्याहून वाईट. मिस्त्री म्हणेल, सिमेंटमधे पक्के बसवून देतो. नाही म्हण. खालची चौकट हमखास फरशीखाली जाते आणि लढाई नेमकी तिथंच असते. शेंदूर आहे तो राहू दे. शेंदूर नसता तर तो दगड कधीच कुणाच्या तरी दाराची पायरी झाला असता. ऊन तिरपं असताना फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेव. अक्षरं दिसली तर खडूनं गिरवू नकोस, गिरवणारा स्वतःच्या मनातलं अक्षर काढतो. पायाच्या खोदाईत नाणी-मूर्ती निघाल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं कलेक्टरला कळवावं लागतं, हे मिस्त्रीलाही सांगून ठेव.

संग्रहालयाची हौस चांगली आहे. तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं. तुम्ही त्या खोलीत पायली-अधोली, मोटेचं चाक, तिफण, जातं ठेवा आणि प्रत्येकाखाली कुणाच्या घरचं ते लिहा.

आता पुस्तिका. राष्ट्रकूट-यादवांपासून सुरू करू नकोस, ते कुणीही पुस्तकातून उतरवेल. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. असे गावात किती उरलेत ते मोज आणि याच आठवड्यात त्यांच्याकडं बस. तारखा विचारू नकोस. रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या धुमाकुळात, कुठं पळाला होता, धान्य कुठल्या पेवात लपवलं, गुरं कुणाकडं सोडली, असं विचार. बायांना विचारताना घरातल्या पुरुषांना चहा सांगायला पाठव, नाहीतर उत्तरं तेच देतात.

आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य संपवणाऱ्या भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, मुसलमान घरांवर काय बेतलं, तेही त्यांच्याच म्हाताऱ्यांकडून ऐक. बहुतेक गावपुस्तिका इथं येऊन गप्प होतात. छापायचं किती ते त्या घरांना विचारून ठरव, पण ऐकायचं सगळं. पाटील-देशमुखांच्या वाड्यात बसूनच इतिहास गोळा होतो असंही समजू नकोस. शीव दाखवण्याचं काम ज्या घराण्यांकडं होतं ती आज बौद्धवाड्यात आहेत. जुन्या शिवेची खूण कुठं होती हे तिथं कळेल, कुठल्या विहिरीचं पाणी कुणाला मिळत नव्हतं हेही कळेल. तेही गावाच्याच इतिहासात येतं.

शेतांची नावंही लिहून काढ : चिंचेचं, पांढरीचं, इनामाचं. गटनंबर आल्यापासून तलाठ्याला त्यांची गरज उरली नाही, पोरांना ती ठाऊक नाहीत. नावाखालून कधी मोडलेली वस्ती निघते, कधी बुजलेली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तुमच्या शेजारच्या सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली, ती एकदा बघून ये.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडी आणि उर्दूतले निजामकाळचे कागद आहेत. काही तुकडे पडताहेत. लॅमिनेशन करून घ्यावं का?
— एक वाचक, औसा

उत्तर : अजिबात नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक काढताना कागदही जातो. सेलोटेपही नको. घडी हलक्या हातानं उघडा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कागद धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवा. ट्रंक जमिनीवर नको, ओल येते, ओलीबरोबर वाळवी. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे, तेव्हा पैसे आधी ठरवून घ्या. उर्दूसाठी गावातल्या एखाद्या जुन्या मौलवींना विचारा. मात्र महसुली कागदांतली घसटी लिपी प्रत्येकाला वाचता येतेच असं नाही. वाचायला फोटो द्या. मूळ कागद जमिनीच्या वादात लागू शकतो, तो कुणाच्याही हाती सोपवू नका, माझ्याकडंही पाठवू नका.