गोदामात पॅलेट रॅक बसवताना सर्वप्रथम काय तपासावे?

सर्वप्रथम जमीन तपासावी. प्रत्येक पॅलेट (माल रचलेला सपाट तळफळा) मालासह 1 टनाचे आणि बीमच्या, म्हणजे आडव्या तुळयांच्या, चार पातळ्यांवर प्रत्येकी दोन पॅलेट असे धरले, तर एका खणाचा (शेजारच्या दोन खांबजोड्यांमधील भागाचा) भार 8 टन होतो, आणि सलग रांगेतील मधल्या प्रत्येक खांबाच्या लहानशा बेसप्लेटमधून (तळाच्या पोलादी पट्टीतून) सुमारे 4 टन जमिनीत उतरतात. त्यामुळे पेव्हर ब्लॉकवर किंवा पातळ कोब्यावर रॅक उभे करणे मला सर्वस्वी अमान्य आहे. काँक्रीटची जाडी व मजबुती अभियंत्याकडूनच तपासून घ्यावी.

खांब ओळंब्यात हवेत. रुंद मार्गिकांच्या रॅकसाठी युरोपीय मानकातील झुकावाची मर्यादा उंचीच्या 1/350 आहे, म्हणजे 7 मीटर उंचीला केवळ 20 मिलिमीटर. जमिनीच्या पातळीतील फरक बेसप्लेटखाली पोलादी शिम (पातळ पट्ट्या) घालून भरावा, लाकडाच्या तुकड्यांनी नव्हे. खांब जमिनीला जखडणारे अँकर बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळावेत आणि प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिन लावावी. कामगारांनी बीमवर चढू नये. उंचीवरील कामासाठी सिझर लिफ्ट वापरावी.

पुढे सोयीसाठी सर्वांत खालचा बीम वर सरकवण्याचा मोह होतो, परंतु त्याने खांबाची आधाराविना राहणारी लांबी वाढून भारक्षमता घटते, म्हणून असा बदल उत्पादकाकडून नवी गणना घेतल्याशिवाय करू नये आणि भारफलकही (रॅकवर किती भार चालतो हे सांगणारी पाटी) त्यानुसार बदलावा.